दाढीवाले गिधाड कसे ओळखावे: नागपूरहून हिमालयात जाणाऱ्या पक्षीनिरीक्षकांसाठी

हिमालयात दाढीवाले गिधाड डोळ्यांसमोरून गेले तरी अनेकांच्या वहीत त्याची नोंद ‘मोठा गरुड’ अशी होते. यात नवल नाही. गिधाड म्हटले की आपल्याला बोडके डोके, लांब उघडी मान आणि मेलेल्या ढोराभोवतीची झुंबड आठवते. दाढीवाल्या गिधाडात यातले काहीच सापडत नाही. त्याच्या डोक्यावर आणि मानेवर दाट पिसे असतात, ते बहुतेक वेळा एकटे किंवा जोडीने फिरते आणि त्याचे पोट मांसापेक्षा हाडांवर चालते. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला लॅमरगायर म्हणतात, शास्त्रीय नाव जिपेटस बार्बेटस.

विदर्भातून दर वर्षी कितीतरी जण उत्तराखंड, हिमाचल आणि लडाखला पक्षी पाहायला जातात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगतो: हे गिधाड आकारावरून ओळखा, रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करा. असे का, ते पुढे येईलच. आकार ओळखायला डोळा तयार करण्याचे काम मात्र नागपुरातच, निघण्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू करता येते.

ते कुठे राहते, कुठे राहत नाही

पिरेनीज, आल्प्स, इथिओपियाचे डोंगर, मध्य आशिया आणि हिमालय असा या पक्ष्याचा विखुरलेला प्रदेश आहे. भारतात लडाखपासून अरुणाचलपर्यंत हिमालयाच्या उंच पट्ट्यात ते वर्षभर असते. साधारण १,५०० ते ४,५०० मीटर उंचीवर ते जास्त दिसते. एव्हरेस्टच्या परिसरात तर ७,००० मीटरच्या वरही त्याच्या नोंदी आहेत. हिवाळ्यात बर्फ वाढले की ते जरा खाली उतरते, पण मैदानात येत नाही. सातपुडा आणि सह्याद्री हा त्याचा मुलूख नाही. म्हणून समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर असलेल्या नागपूरच्या आकाशात एखादे अनोळखी, अवाढव्य गिधाड दिसलेच, तर यादीतून पहिले नाव दाढीवाल्याचे खोडा. तो पक्षी कोण असू शकतो, याबद्दल शेवटी लिहिले आहे.

पहिली पायरी: घारीवर हात बसवा

अंबाझरी, फुटाळा किंवा भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाच्या बाजूला सकाळी नऊनंतर उभे राहा. घारी भरपूर दिसतील. दुर्बीण बाजूला ठेवा आणि उघड्या डोळ्यांनी फक्त काळी आकृती पाहा. शेपटी कशी आहे? घारीची शेपटी मध्ये खाच असलेली असते, पण वळताना तिने ती पूर्ण पसरली की खाच जवळजवळ नाहीशी होते. हा फरक डोळ्यांत बसला पाहिजे, कारण हिमालयातही शेपटी मिटलेली आणि पसरलेली अशी दोन वेगळी रूपे दाखवते. नंतर पंख पाहा: टोके बोथट की निमुळती, पंख शरीराच्या रेषेत सपाट धरलेले, वर उचललेले की किंचित खाली झुकलेले. रोज १५ मिनिटे हे केले तरी पुरते. वहीत चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चार रेघांत शेपटीचा आणि पंखांचा आकार मांडता येतो, आणि तो फोटोपेक्षा जास्त लक्षात राहतो.

यापुढचा धडा पांढऱ्या गिधाडाचा. शहराबाहेरच्या माळरानावर, गावाच्या ढोरफोडीजवळ किंवा पेंचच्या बाजूला ते कधी दिसले तर घाई करू नका, शांतपणे पाहत राहा. त्याची शेपटी पाचरीसारखी टोकदार असते, आणि आपल्या भागात अशी शेपटी असणारे गिधाड हे एवढेच. दाढीवाल्याशी त्याचे नाते जवळचे आहे. गिधाडांच्या मोठ्या कुळात हे दोघे एका फांदीवर बसतात आणि लांब चोचीची, पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे वेगळ्या फांदीवर. पांढऱ्या गिधाडाची आकृती पाठ झाली की दाढीवाल्याची निम्मी ओळख झालीच. राहतो फक्त मोजमापाचा फरक. पांढऱ्या गिधाडाचा पंखविस्तार दीड मीटरच्या थोडा वर, तर दाढीवाल्याचा सुमारे २.३ ते २.८ मीटर.

दुसरी पायरी: जागा आणि वेळ

नागपूरकरांना दोन वाटा सोयीच्या. एक उत्तराखंडात, रेल्वेने दिल्ली, तिथून हरिद्वार-ऋषिकेशमार्गे ऊखीमठ आणि चोपता. चोपत्याहून तुंगनाथची पायवाट सुमारे ३,६८० मीटरपर्यंत चढते. या वाटेवर कड्याच्या कडेने जाणारे दाढीवाले गिधाड दिसण्याची चांगली शक्यता असते. दुसरी वाट हिमाचलातल्या स्पितीची. काझा, की आणि किब्बरच्या परिसरात झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे पक्षी लांबून दिसतो. हिवाळ्यात मनालीकडचा रस्ता बंद असतो, तेव्हा शिमला-किन्नौरमार्गे जावे लागते. लांब पडला तरी मला हाच रस्ता बरा वाटतो. त्यात उंची हळूहळू वाढते आणि ३०० मीटरवरून आलेल्या शरीराला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. वाटेत किन्नौरमध्ये दोन रात्री थांबा. काझा ३,८०० मीटरच्या आसपास आहे. डोके दुखत असताना आणि मळमळत असताना पक्षी ओळखता येत नाहीत, आणि लक्षणे वाढली तर खाली उतरणे हाच उपाय असतो.

दिवसाची वेळ निवडताना या पक्ष्याचे वजन ध्यानात घ्या. हिमालयीन गिधाड ८ ते १२ किलोचे असते. एवढे वजन उचलायला त्याला तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा लागते, म्हणून ते ऊन चढेपर्यंत कड्यावर बसून राहते. दाढीवाले साधारण ५ ते ७ किलोचे, पंख लांब आणि अरुंद. उतारावर आपटून वर वळणाऱ्या वाऱ्यावरही ते तरंगू शकते. म्हणून सकाळी लवकर, ढगाळ हवेत, बाकीची गिधाडे बसलेली असताना डोंगरउताराला समांतर एकटाच मोठा पक्षी सरकताना दिसला, तर सावध व्हा.

उभे राहायची जागा खिंडीत किंवा धारेवर असावी, समोर दरीपलीकडे कडा आणि सूर्य पाठीमागे. मान वर करून आकाश न्याहाळत बसू नका. हे गिधाड बऱ्याचदा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरून किंवा त्याहून खालून जाते, आणि तेव्हा त्याची पाठ दिसते. पुस्तकांतली बहुतेक चित्रे खालून दाखवलेली असतात. पाठ करड्या-काळ्या रंगाची, तिच्यावर पिसांच्या मधल्या दांड्या फिक्या रेघांसारख्या, आणि पुढे उजळ डोके. हे दृश्य मनाशी घोकून ठेवा.

तिसरी पायरी: ओळखण्याचा क्रम

पक्षी दिसल्याबरोबर कॅमेऱ्याकडे हात जातो. तो आवरा आणि पहिले काही क्षण फक्त पाहा.

आधी शेपटी. लांब, मधून रुंद आणि टोकाकडे निमुळती, पूर्ण उघडली की शंकरपाळ्यासारखी. हिमालयातल्या इतर कुठल्याही प्रचंड पक्ष्याची शेपटी अशी नसते. हिमालयीन गिधाड आणि काळे गिधाड यांची शेपटी आखूड असते, उडताना शरीराच्या मागे जेमतेम डोकावते. मी तर म्हणेन की शेपटी नीट दिसली नसेल तर नोंद पक्की करूच नका.

मग पंख. लांब, अरुंद, मनगटापासून पुढे निमुळते. दुरून एखाद्या राक्षसी ससाण्याचा भास होतो. हिमालयीन गिधाडाचे पंख फळीसारखे रुंद असतात आणि टोकाची पिसे बोटांसारखी सुटी दिसतात. दाढीवाल्यातही ती बोटे असतात, पण सरळ तरंगताना पंखाचे टोक मिटून टोकदार होते.

मग उडण्याची पद्धत. पंख सपाट किंवा किंचित खाली झुकलेले. सोनेरी गरुड पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वर उचलून तरंगतो, त्यामुळे तो इथेच वेगळा पडतो. दाढीवाले एकाच कड्यावरून संथपणे जाते, वळते, परत येते, जणू काही शोधत आहे. खरोखरच ते शोधत असते.

नंतर डोके. अंतर कमी असेल तरच हे दिसते. डोळ्यांपासून चोचीकडे जाणारा काळा पट्टा आणि चोचीखाली लोंबणारा काळा राठ केसाळ झुपका, ही ती दाढी. डोळ्याचे बुबुळ फिकट पिवळे आणि त्याच्याभोवती लालभडक कडे. पक्षी चवताळला की ते कडे आणखी ठळक होते.

रंग सगळ्यांत शेवटी. प्रौढ गिधाडाची छाती, पोट आणि मान केशरी-तांबूस दिसते आणि फोटोत हाच रंग नजर खेचतो. पण तो पिसांचा स्वतःचा रंग नव्हे. हे गिधाड लोहयुक्त ओल्या चिखलात अंग घासते आणि लोखंडाचे ऑक्साइड पिसांना चिकटते. बंदिवासात वाढलेल्या, असा चिखल न मिळालेल्या प्रौढ पक्ष्यांची छाती पांढरीच राहते. ते हे का करते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते गडद रंग इतरांवर वचक बसवतो, काहींच्या मते चिखल पिसांचे जंतूंपासून रक्षण करतो. आपल्याला यातून घ्यायचे ते इतकेच, की एकाच दरीतली दोन प्रौढ गिधाडे, एक गर्द तांबूस आणि एक जवळजवळ पांढरे, अशी असू शकतात. रंगावर विसंबणारा माणूस त्यांना दोन जाती समजेल.

वय आणि चकवा देणारी पिल्ले

खरी कसोटी तरुण पक्ष्यात लागते. पहिल्या वर्षी डोके आणि मान काळपट, पोट मळकट करडे, केशरी छटा कुठेच नाही. पंख प्रौढापेक्षा थोडे रुंद वाटतात, त्यामुळे आकृतीही जरा बोजड दिसते. असा पक्षी दुरून काळे गिधाड किंवा गरुड वाटू शकतो. इथे पुन्हा शेपटीच वाचवते, कारण पाचरीचा आकार पहिल्या वर्षापासून असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंगावर ठिगळे दिसू लागतात, पोट उजळते, डोके मात्र गडदच राहते. पूर्ण प्रौढ रूप यायला पाच ते सात वर्षे लागतात. वहीत ‘प्रौढ’, ‘गडद डोक्याचा तरुण’ किंवा ‘मधला’ एवढे लिहिले तरी नोंदीची किंमत वाढते, कारण एखाद्या भागात तरुण पक्षी दिसतात की नाही यावरून तिथे पिल्ले जगतात की नाही ते कळते.

पांढऱ्या गिधाडाचे पिल्लूही गडद तपकिरी असते आणि शेपटी तशीच पाचरीसारखी. हिमालयाच्या पायथ्याच्या भागात दोघांचा घोळ होऊ शकतो. जवळपास घार किंवा डोमकावळा उडत असेल तर आकाराची तुलना करा. घारीपेक्षा थोडाच मोठा असेल तर पांढरे गिधाड. घार त्याच्यापुढे अगदीच किरकोळ दिसत असेल तर दाढीवाले.

हाडांवर जगणारा पक्षी

ओळख पटली की मग जरा थांबून त्याचे जगणे पाहावे. माझ्या मते या पक्ष्याचे खरे वैभव इथे आहे. त्याच्या आहारात सुमारे ७० ते ९० टक्के हाडे असतात. हिमबिबट्याने किंवा लांडग्याने मारलेल्या, कड्यावरून पडलेल्या किंवा बर्फात गाडल्या गेलेल्या जनावराचे मांस इतर प्राणी-पक्षी संपवतात. उरलेला सांगाडा याचा. त्याच्या जठरातील आम्लाचा सामू १ च्या आसपास असतो आणि गिळलेले हाड साधारण दिवसभरात विरघळते. वीतभर लांबीचे हाड ते अख्खे गिळते. हाडातली मज्जा मेदाने भरलेली असते आणि वाळलेले हाड सडत नाही, म्हणून जिथे बाकी काही उरत नाही तिथेही त्याचे भागते.

जे हाड गिळता येत नाही ते पंजात धरून ५० ते १५० मीटर उंचीवर नेते आणि खालच्या खडकावर सोडते. हाड फुटले नाही तर पुन्हा उचलते आणि पुन्हा टाकते. काही खडक पिढ्यान्‌पिढ्या यासाठी वापरले जातात. अशा सपाट, उतरत्या खडकावर हाडांचा चुरा आणि तुकडे विखुरलेले दिसले तर जवळच बसून वाट पाहा, पण खडकापासून बरेच लांब. पक्षी वर चढला, पंजात काहीतरी लोंबते आहे आणि तो अचानक खाली झेपावला, की दुर्बीण पक्ष्यावरून काढून खडकावर न्या.

घरटे उंच कड्याच्या कपारीत असते, फांद्यांचे, आत लोकर आणि केस अंथरलेले. अंडी हिवाळ्याच्या ऐन मध्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास घातली जातात. हे चुकीच्या ऋतूत झाले असे वाटेल. पण अंडी उबायला साधारण ५५ दिवस लागतात. पिल्लू बाहेर येते तेव्हा बर्फ वितळू लागलेले असते आणि हिवाळ्यात मेलेली जनावरे उघडी पडू लागतात. अंडी बहुधा एक किंवा दोन, पण दोन्ही उबली तरी मोठे पिल्लू धाकट्याला जगू देत नाही. पिल्लू सुमारे चार महिन्यांनी उडते. एका जोडीचे वर्षाला फार तर एक पिल्लू, आणि ते वयात यायला इतकी वर्षे. म्हणून एका प्रौढ पक्ष्याचा मृत्यू भरून यायला फार काळ जातो.

आल्प्समध्ये हे घडून गेले आहे. हे गिधाड कोकरे उचलून नेते या खोट्या समजापायी तिथे त्याची इतकी शिकार झाली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथून नाहीसे झाले. १९८६ पासून बंदिवासात वाढवलेली पिल्ले कड्यांवर सोडून ते परत आणावे लागले. नेपाळच्या अपर मुस्तांग भागातही या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांची संख्या झपाट्याने घटल्याचे नोंदले गेले. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते आज ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे.

यामुळे घरट्याच्या बाबतीत नियम कडक ठेवा. घरटे सापडले तर त्याची नेमकी जागा कुठेही टाकू नका आणि ड्रोन तर अजिबात उडवू नका. जोडपे घाबरून उठले आणि अंडे ऐन थंडीत उघडे पडले तर ते थोड्या वेळात गोठते.

फोटो आणि नोंद

८×४२ची दुर्बीण पुरेशी आहे. कॅमेऱ्यात आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी काळा पडतो, म्हणून उजेडाची मात्रा एक पायरी वाढवून ठेवा. एका सुंदर फोटोपेक्षा चार साधे बरे: शेपटी पसरलेली, शेपटी मिटलेली, खालून, आणि जमल्यास पाठीवरून. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाण, अंदाजे उंची, वेळ, वय आणि पक्षी काय करत होता ते लिहा. खात्री नसेल तर ‘न ओळखलेले गिधाड’ हीसुद्धा प्रामाणिक नोंद आहे आणि अभ्यासकांना ती चुकीच्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडते.

परत नागपुरात: इथे मोठे गिधाड दिसले तर

हिवाळ्यात हिमालयीन गिधाडांचे तरुण पक्षी मैदानात भटकत दूरवर येतात. गडद तपकिरी अंग, त्यावर फिक्या रेघा, आखूड शेपटी आणि प्रचंड आकार अशी त्यांची खूण. क्वचित काळे गिधाडही येते. पण आधी आपल्या इथल्या गिधाडांचा विचार करा. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोर येथील प्रजनन केंद्रात वाढलेली लांब चोचीची १० गिधाडे पेंच व्याघ्र प्रकल्पात आणली गेली, काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून मग मोकळी सोडली गेली. वन विभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा हा उपक्रम. अशा पक्ष्याच्या पाठीवर माग काढणारे छोटे यंत्र असते. ते किंवा पायातले कडे दिसले तर फोटो काढा आणि वन विभागाला कळवा.

गिधाड जमिनीवर बसलेले, मान टाकलेले किंवा जखमी दिसले तर त्याला पाणी पाजायला किंवा मांस चारायला जाऊ नका. बघ्यांना मागे हटवा, कुत्री लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

आणि ज्यांच्या गावाकडे अजून गाई-म्हशी, बैल आहेत त्यांनी एक काम आवर्जून करावे. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली, ती जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही. बैल लंगडतो, गाईला ताप आहे म्हणून डॉक्टर आले तर मेलॉक्सिकॅम देता येईल का, असे विचारा. ते गिधाडांसाठी सुरक्षित आहे. माणसांच्या औषधांच्या दुकानातून आणलेले डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन गोठ्यात वापरू देऊ नका, आणि कुठले औषध दिले त्याचे नाव व तारीख लिहून ठेवा. ते जनावर पुढच्या काही दिवसांत मेलेच, तर उघड्यावर न टाकता पुरा.